झिरोचा बल्ब

"किती उरलीय?" वॉकीटॉकीवर तिचा आवाज आला. मी मांडीवरच्या लॅपटॉपकडे बघून म्हणाले, "अकरा टक्के." जरा थांबून ती म्हणाली, "नक्की? मोटर दमल्यासारखी वाटतेय." मी पुन्हा बघितलं. अकरा म्हणजे अकरा. "नक्की," मी म्हणाले, आणि तेवढ्यावर न थांबता वर जोडलं, "तू चालव, आकड्यांचं मी बघते." चारेक मिनिटांनी बोट बंद पडली. समोर डोक्कमच्या तटबंदीवरच्या दोन्ही पवनचक्क्या स्वच्छ दिसत होत्या, शेवटची रेघ पाच-सहाशे मीटरवर होती, आणि आमची बोट कालव्याच्या मधोमध, वाऱ्याने हळूहळू आडवी होत, एखाद्या दाराच्या फळीसारखी तरंगत होती.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. शर्यत हरल्याचं दुःख पंधरा दिवससुद्धा टिकलं नाही. टोचत राहिलं ते "आकड्यांचं मी बघते" हे वाक्य. अजूनही कधी भांडी घासताना, कधी सिग्नलला उभी असताना ते आठवतं आणि कान गरम होतात.

तेव्हा मी नेदरलँड्समध्ये शिकत होते. तिथे उत्तरेला फ्रीसलंड नावाचा प्रांत आहे. सगळा सपाट, हिरवा, आणि गाई इतक्या गुबगुबीत की आपल्याकडच्या गाईंच्या वतीने अपमान वाटावा. लेउवार्डनपासून निघून अकरा जुनी गावं कालव्या-तळ्यांनी जोडत परत तिथेच येणारी जवळजवळ 200 किलोमीटरची वाट आहे. कडक थंडीत याच वाटेवर बर्फावरून स्केटिंगची शर्यत होते. म्हणजे व्हायची. सगळ्या वाटेवर बर्फ 15 सेंटिमीटर जाड झाला तरच परवानगी मिळते आणि शेवटची झाली ती 4 जानेवारी 1997 ला. पण हिवाळा आला की गावोगावचे जबाबदार लोक अजूनही बर्फाला भोक पाडून जाडी मोजायला तयार असतात. तिथली म्हातारी माणसं या मोजणीबद्दल बोलतात ती आपल्याकडे पावसाच्या नक्षत्रांबद्दल बोलतात तशी. 2006 पासून याच वाटेवर उन्हाळ्यात सूर्यावर चालणाऱ्या बोटींची शर्यत सुरू झाली, वर्षाआड व्हायची. बहुतेक बोटी विद्यार्थ्यांनी बांधलेल्या. आमचीही तशीच. सहा मीटरची, कोणाच्या तरी वर्कशॉपच्या कोपऱ्यात रात्री जागून घडवलेली, जवळून बघितली तर इपॉक्सीत अडकलेला एक डास दिसायचा.

बोट दिसायला पाण्यावर ठेवलेल्या जेवणाच्या टेबलासारखी. वर सगळीकडे सौर पॅनेल, मध्ये एक खाच, तिच्यात स्किपर, म्हणजे बोट चालवणारी, जवळजवळ आडवी झोपलेली. पाठीखाली ज्या पेट्या, त्यांत बॅटरी. सोळा सेल, 51 व्होल्ट, 30 अँपिअर-तास, म्हणजे सगळी मिळून दीड युनिट वीज. आपल्याकडचा गिझर तासाभरात ही सगळी पुंजी गरम पाण्यात घालवून मोकळा होईल. तेवढ्या शिदोरीवर, आणि वरून जे काय ऊन पडेल त्याच्यावर, पूर्ण माणूस दिवसभर न्यायचा. म्हणून माझं काम. मी काठाकाठाने जाणाऱ्या गाडीत मागच्या सीटवर बसायचे. बोटीवरून दर सेकंदाला आकडे यायचे: पॅनेल किती देतंय, मोटर किती खातेय, बॅटरीत किती जातंय-येतंय, वेग किती. त्यांतून मी ठरवायचे की पुढचा तासभर किती वेगाने जायचं. माझ्या पदाचं नाव भारदस्त होतं. खरं काम वाण्याच्या दुकानातल्या दिवाणजीचं.

पण त्या दिवाणजीगिरीत एक नशा होती हे कबूल केलं पाहिजे. पाण्याचा हिशेब फार निर्दयी असतो. ताशी 12 किलोमीटरला आमची मोटर साधारण 600 वॅट खायची. वेग फक्त दोनाने वाढवून 14 केला की साडेनऊशे. वेगाच्या घनाच्या पटीत शक्ती लागते, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि समोर बॅटरीचा आकडा गळक्या मडक्यासारखा उतरताना बघणं वेगळं. यावरूनच माझं आणि स्किपरचं पहिलं भांडण झालं. तिचं म्हणणं, ढग आला की हळू जाऊ, ऊन पडलं की दामटू. मिळेल तसं खर्च करू. कोणालाही पटेल असं. लहानपणापासून आपल्याला हेच तर शिकवलेलं असतं, अंथरूण पाहून पाय पसरावेत. पण हिशेब उलटा सांगतो. निम्मा वेळ ताशी 10 आणि निम्मा वेळ ताशी 14 ने गेलात तर सरासरी बाराच पडते, खर्च मात्र 600 ऐवजी सरासरी 650 वॅट होतो. कारण हळू जाऊन जे वाचतं त्यापेक्षा जोरात जाऊन जे उधळतं ते जास्त. म्हणून ढग येवो, ऊन येवो, वेग एकच ठेवायचा. कमीजास्त काय ते बॅटरीने सोसायचं. उन्हात सगळे पुढे जात असताना बारावर टिकून राहायला फार जड जातं. पहिल्या दिवशी ती चिडली होती. दुपारनंतर ज्यांनी उन्हात दामटलं होतं त्या दोन बोटी कडेला लागलेल्या दिसल्या तेव्हा वॉकीटॉकीवर फक्त "हं" असं ऐकू आलं. तो "हं" मी बरेच दिवस जपून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी तर मी भावच खाल्ला. स्लोटनकडे जाताना वेग बारावरच, वारा तोच, पण मोटर 600 वरून 640 वर, मग 690 वर. तिला काहीच जाणवलं नव्हतं. मी म्हणाले, पंख्याला शेवाळ गुंडाळलंय, थांब आणि उलटा फिरव. तिने उलटा फिरवला आणि मागून पाणवनस्पतींची हिरवीगार, आपल्या गजऱ्याएवढी लांब जुडी सुटून वर आली. गाडीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दोन किलोमीटर लांब बसून पाण्याखालचं गवत बघणारी बाई. त्यानंतर ती विचारायची आणि मी सांगायचे, असंच ठरून गेलं. तिच्या पाठीखालून मोटरची थरथर थेट कण्यात जायची. पण तिने तिकडे लक्ष देणं सोडून दिलं, मी सोडायला लावलं.

मोजण्याचं हे वेड मात्र मी तिकडे शिकले नव्हते.

कराडला आमच्या घरी दारामागे काळा मीटर होता, काचेमागे आडवी फिरणारी चकती, चकतीच्या कडेला एक लाल खूण. लाईट जायची तेव्हा चकती थांबायची, आणि लाईट आली की गल्लीतल्या पोरांच्या आरोळीबरोबर ती पुन्हा फिरायला लागायची. मला वाटायचं, चकती फिरते म्हणून लाईट येते. अण्णा हायस्कुलात गणित शिकवायचे आणि घरी गणित करायचे. एका महिन्याला बिल जरा फुगलं. रात्री जेवणं झाल्यावर अण्णांनी घरातली सगळी बटणं बंद केली, फ्रिजचा प्लग काढला, मला स्टुलावर उभं करून हातात बॅटरी दिली आणि म्हणाले, "लाल खुणेवर उजेड धर. सगळं बंद आहे. आता ती हलायला नको." अंधारात आम्ही दोघं त्या खुणेकडे बघत राहिलो. आधी वाटलं थांबलीय. मग वाटलं, नाही. आई आतून ओरडली, किती वेळ चालायचंय तुमचं. आणि ती लाल खूण, मुंगीपेक्षाही हळू, काचेच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकली. "कोणीतरी जागं आहे," अण्णा म्हणाले. आम्ही खोल्या-खोल्यांतून शोधत फिरलो. देवघराचं दार ढकललं तर आत लाल उजेड. आजीचा झिरोचा बल्ब.

आजीचं म्हणणं साधं होतं. "झिरोचा हाय त्यो. त्याला कुठली लाईट लागतीय?" अण्णांनी तिला समजावलं की नावाचाच झिरो, पंधरा वॅटचा असतो. जुन्या मीटरांची चकती इतक्या कमी भाराला हलतच नसे, म्हणून लोकांनी नाव पाडलं झिरो. पंधरा वॅट, दिवसाचे चोवीस तास, महिन्याचे तीस दिवस: जवळजवळ अकरा युनिट. त्यांनी पाटीवर लिहूनही दाखवलं. आजीने पाटीकडे बघितलं, मग देवाकडे बघितलं, आणि म्हणाली, "मग देवाला अंधारात ठिवू व्हय?" अण्णांकडे याचं गणित नव्हतं. पुढे बरीच वर्षं हे युद्ध चाललं. अण्णा शाळेत जाताना बल्ब बंद करायचे, ते कोपऱ्यावर वळले की आजी लावायची. मी दोन्ही पक्षांची गुप्तहेर होते आणि दोघांकडूनही गोळ्या-बिस्किटं खात होते.

डोक्कमच्या टप्प्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही फ्रानेकरला होतो. तिथे आइसे आइसिंगा नावाच्या लोकर विंचरणाऱ्या माणसाचं घर आहे. 1774 मध्ये काही ग्रह आकाशात जवळ येणार होते आणि आता ते एकमेकांवर आदळून पृथ्वी सूर्यात ढकलली जाणार, अशी आवई उठली होती. लोक घाबरले. या माणसाने वाद घालण्याऐवजी आपल्या बैठकीच्या खोलीच्या छतालाच ग्रहमाला टांगायला घेतली. सात वर्षं लागली. लाकडी चकत्या, दात म्हणून हातांनी ठोकलेले खिळे, आणि सगळं एका लंबकावर. ती अजून चालते, खरोखरच्या ग्रहांच्या वेगाने. शनीला एक फेरी मारायला एकोणतीस वर्षं आणि वर काही महिने लागतात, तेवढेच तिथेही लागतात. निळ्या छताखाली मान वर करून उभं राहिलं की काहीच हलताना दिसत नाही आणि तरी सगळं हलतंय हे माहीत असतं. मला एकदम स्टुलावरची ती रात्र आठवली. मार्गदर्शक बाईंनी सांगितलं की लीप वर्षाचा दिवस मात्र या यंत्राला कळत नाही, तो कोणीतरी हाताने जुळवून द्यावा लागतो. सगळे कौतुकाने हसले. मीही हसले. दुसऱ्या दिवशी जे होणार होतं त्याचं उत्तर माझ्या डोक्यावर दीड वीत अंतरावर फिरत होतं, आणि मी तिथून बाहेर पडून आइस्क्रीम खाल्लं.

बोट थांबल्यावर पहिली पाच मिनिटं वॉकीटॉकीवर कोणीच काही बोललं नाही. बॅटरी रिकामी होऊन खराब होऊ नये म्हणून एक पहारेकरी सर्किट असतं. एक जरी सेल ठरलेल्या पातळीखाली गेला की ते सरळ मोटरची वाट तोडतं. ते तुटलं होतं. वल्ही मारता आली असती, पण मग तो टप्पा मोजला गेला नसता. तेव्हा उन्हाची वाट बघायची. आभाळात पातळ, विरलेल्या धोतरासारखा ढग होता, त्यातून दीडशे वॅट येत होते. ती बोटीत आडवी पडून राहिली, टोपी तोंडावर. काठावर एक आजोबा कुत्र्याला घेऊन थांबले, त्यांनी तिला काहीतरी विचारलं, तिने आकाशाकडे बोट दाखवलं, त्यांनी मान हलवली आणि तेही वर बघत बसले. आमच्यामागच्या बोटी एक एक करून पुढे गेल्या. जाताना प्रत्येकजण हात करायचा. त्या हात करण्यात दुष्टावा नव्हता, त्याने जास्तच लागायचं. पंचवीस मिनिटांनी पहारेकऱ्याने वाट मोकळी केली आणि आमची बोट बैलगाडीच्या वेगाने डोक्कमच्या धक्क्याला लागली. लॅपटॉपवर अजून दहा टक्के दिसत होते.

रात्री सगळे झोपल्यावर मी ती पेटी उघडली. बॅटरीत किती उरलं हे आम्ही मोजायचो ते आत-बाहेर जाणाऱ्या करंटची बेरीज-वजाबाकी करून. या जातीच्या बॅटरीचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सारखंच राहतं आणि मग कड्यावरून पडल्यासारखं कोसळतं, त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवरून काही कळत नाही. करंट मोजणारा छोटा सेन्सर असतो. रोज सकाळी मोटर बंद ठेवून त्याला सांगायचं, हे शून्य. आम्ही त्याला "झिरो करणं" म्हणायचो. निघायच्या आधी ठरलेला प्रश्न असायचा, झिरो केलं का? केलं होतं. रोज, सकाळी सहाला, चौदा अंशात, पेटीचं झाकण उघडं ठेवून. मग झाकण लावायचं, वर काळं कार्बन फायबर, आणि दुपारपर्यंत आतलं तापमान पन्नासच्या वर. मी केस वाळवायचा ड्रायर मागून आणला, मोटरची वायर काढून ठेवली आणि सेन्सरवर गरम हवा सोडली. करंट नाहीच, आकडा शून्य हवा. तो हळूहळू हलायला लागला. मुंगीसारखा. उणे एक दशांश, उणे दोन, उणे तीन दशांश अँपिअरला जाऊन थांबला.

तीन दशांश म्हणजे काहीच नाही. मोटर बारा-तेरा अँपिअर घेत असते, त्यात हे कोणाच्या खिजगणतीत? पण ते सतत एकाच बाजूला चुकत होतं, जेवढं जातंय त्यापेक्षा कमी दाखवत होतं. आधीचे दोन दिवस ढगाळ असल्याने बॅटरी एकदाही पूर्ण भरली नव्हती, आणि पूर्ण भरल्यावरच हिशेबाची वही नव्याने उघडते. त्यामुळे दोन दिवसांच्या गरम तासांची चूक, आठेक तासांची, साठत आली. आठ तास गुणिले तीन दशांश, 2.4 अँपिअर-तास. तिसातले आठ टक्के. माझ्या अकरातले आठ मुळात नव्हतेच, आणि उरलेल्या तिनात सगळ्यात दुबळा सेल आधी आडवा झाला. मग मी वॅटमध्ये किती होतं ते काढलं. तीन दशांश गुणिले 51. पंधरा.

पंधरा वॅट. पार्किंगमधल्या त्या ट्यूबलाइटखाली, हातात ड्रायर घेऊन, मला मोठ्याने हसू आलं.

सकाळी मी स्किपरला सगळं सांगितलं. ती ओरडेल अशी माझी तयारी होती. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मोटर खरंच दमली होती?" मी हो म्हणाले. व्होल्टेज उतरलं होतं, नववा सेल बाकीच्यांपेक्षा खाली गेला होता, तो आकडाही माझ्यासमोर पडद्यावर होता, उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात. मी बघितला होता आणि अकराकडे बघून त्याला गप्प केलं होतं. तिने कॉफीचा घोट घेतला. "पण पाठीने शेवाळ नव्हतं कळलं," ती म्हणाली. हे ती माझी समजूत घालायला म्हणाली की स्वतःची, ते मला आजही ठरवता येत नाही. शेवटच्या टप्प्यात लेउवार्डनला जाताना ती मधूनच न विचारता सांगायची, "मोटर बरी वाटतेय." मी म्हणायचे, "बारा." एवढंच. मधल्या वेळात दर तासाला ती मिनिटभर मोटर बंद करायची, मी पेटी गरम असतानाच सेन्सर झिरो करायचे. त्या मिनिटात बोट आपसूक पुढे घसरत राहायची आणि वॉकीटॉकीतून पाण्याचा आवाज यायचा, बाकी काही नाही. आम्ही सातवे आलो.

गेल्या महिन्यात कराडला गेले होते. दारामागचा मीटर आता नवा आहे. चकती नाही, फक्त एक लाल दिवा लुकलुकतो आणि खाली छापलेलं असतं, 3200 लुकलुकी म्हणजे एक युनिट. आजीला जाऊन नऊ वर्षं झाली. अण्णांच्या गुडघ्यांनी आता स्टुलावर चढता येत नाही, पण बिल आलं की ते अजूनही वहीत उतरवून ठेवतात. रात्री जेवणं झाल्यावर मी म्हटलं, चला, बघू या. आम्ही फ्रिज काढला, वायफायचा डबा काढला, टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स काढला, सगळी बटणं बंद केली. अण्णा मोबाइलच्या उजेडात खुर्चीवर बसून घड्याळ लावत होते, मी मीटरसमोर उभी. लाल दिवा एकदा लुकलुकला. मग अंधार. चाळीस सेकंद, पन्नास, साठ. वाटलं, थांबला. पंच्याहत्तराव्या सेकंदाला पुन्हा लुकलुकला.

मला गुणाकार करायची गरज नव्हती. मी आत गेले, देवघराचं दार ढकललं.

"अण्णा," मी बाहेर येऊन म्हटलं, "हा कोणी लावून ठेवलाय?"

ते घड्याळाकडेच बघत होते. "झिरोचा हाय त्यो," म्हणाले.